साठीच्या पलीकडे फक्त चार कॅचर

बेसबॉलवर गप्पा रंगल्या की एक वाद हटकून निघतो. कुठल्या जागेवर सार्वकालिक महान खेळाडू सगळ्यांत कमी झाले? जुन्या जाणत्यांचं उत्तर ठरलेलं असतं: थर्ड बेस, म्हणजे मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्याची राखण. पुरावाही तयार असतो. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानगृहात, थर्ड बेसमन किती, ते बोटांवर मोजून दाखवतात. १९९४ पर्यंत हे उत्तर बिनतोड होतं. आज ते शिळं झालंय. खरी टंचाई कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू घेणाऱ्याच्या, जागेवर आहे. यादीत कॅचरची नावं बरीच दिसतात, म्हणून ती चटकन लक्षात येत नाही.

वाद घालायचा तर आधी मोजायचं काय ते ठरवावं लागतं, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात. हॉल ऑफ फेममधली डोकी मोजणं सोपं, पण फसवं. तिथे जायचे रस्ते दोन. एक बेसबॉल पत्रकारांच्या मतदानाचा: किमान १० हंगाम खेळलेला, निवृत्त होऊन ५ वर्षं झालेली, आणि ७५ टक्के मतं. ५ टक्क्यांच्या खाली गेलात की नाव यादीतून कायमचं बाद. दुसरा रस्ता समित्यांचा. समित्यांनी काही मोठे अन्याय दुरुस्त केले, तसे काही जुने दोस्तही आत घेतले. त्यामुळे एखाद्या जागेचे वीस जण आत आहेत म्हणजे तिथे वीस महान खेळाडू झाले, असं होत नाही.

म्हणून सोबत ‘वॉर’ नावाचा आकडा घ्यावा. एखाद्या खेळाडूच्या जागी खालच्या दर्जाच्या मायनर लीगमधून ऐनवेळी बोलावलेला कामचलाऊ माणूस उभा केला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते, ते हा आकडा सांगतो. फलंदाजी, धावणं आणि क्षेत्ररक्षण हे सगळं धावांत मोजायचं आणि साधारण १० धावांना एक विजय धरायचा. जागेच्या अवघडपणाचे गुणही त्यात येतात. फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या पद्धतीत १६२ सामन्यांच्या पूर्ण हंगामासाठी कॅचरला १२.५ धावा जास्त देतात आणि शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला, ७.५. सेकंड बेस, थर्ड बेस आणि सेंटर फील्ड यांना प्रत्येकी २.५. फर्स्ट बेसमनच्या उलट १२.५ धावा कापतात, आणि नुसती फलंदाजी करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरच्या, म्हणजे डीएचच्या, १७.५. हे आकडे लक्षात ठेवा. कॅचरला एवढी घसघशीत सूट देऊनही तो मागे पडतो, हाच मुद्दा आहे.

मोजताना पहिला घोळ होतो तो कोणाला कुठल्या जागेवर धरायचं याचा. शिकागोचा अर्नी बँक्स शॉर्टस्टॉपवर १,१२५ सामने खेळला आणि फर्स्ट बेसवर १,२५९. सामने मोजले तर तो फर्स्ट बेसमन ठरतो. पण १९५८ आणि १९५९ चे त्याचे दोन्ही एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे, किताब शॉर्टस्टॉप म्हणून आहेत, आणि त्याला फर्स्ट बेसमन म्हटलंत तर शिकागोतलं कोणीही तुमच्याशी पुढे बोलणार नाही. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझचं असंच: शॉर्टस्टॉपवर १,२७२, थर्ड बेसवर १,१९४. त्यामुळे खेळाडूनं सर्वाधिक मोल जिथे मिळवून दिलं ती त्याची जागा, हा नियम बरा. मात्र एकदा धरला की सगळ्यांना लावायचा. आपल्या लाडक्या खेळाडूपुरता बदलायचा नाही.

आता थर्ड बेस. त्याचा इतिहास बघितला की जुन्या मंडळींचा राग समजतो. पत्रकारांनी निवडलेला पहिला थर्ड बेसमन पाय ट्रेनर, १९४८ साली. दुसरा एडी मॅथ्यूज, १९७८ साली. मध्ये तीस वर्षं कोणीही नाही. मॅथ्यूजचे ५१२ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके, होते, तरी त्याला पाच वेळा मतदानाला सामोरं जावं लागलं. त्यानंतर १९८३ मध्ये क्षेत्ररक्षणाचे सोळा गोल्ड ग्लव्ह किताब जिंकलेला ब्रूक्स रॉबिन्सन. १९९५ मध्ये माइक श्मिट येईपर्यंत पत्रकारांनी निवडलेले थर्ड बेसमन एवढेच. त्याहून गमतीची गोष्ट १९६९ ची. व्यावसायिक बेसबॉलची शंभरी साजरी करताना सार्वकालिक संघ निवडला, त्यात थर्ड बेसवर नाव आलं ट्रेनरचं. मॅथ्यूज आदल्याच वर्षी निवृत्त झाला होता. ट्रेनरची फलंदाजीची सरासरी .३२०, म्हणजे हजार प्रयत्नांत ३२० यशस्वी फटके (हिट), म्हणून तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरायचा. मॅथ्यूजचे होमरन आणि वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारे बेस, कोणी जमेला धरले नाहीत. आज वॉर बघितलं तर मॅथ्यूजचं ९६ भरतं. ट्रेनर त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही.

असं का झालं? थर्ड बेस ही त्रिशंकू जागा आहे. उजव्या हाताच्या फलंदाजानं ऑन साइडला जोरात ओढलेला चेंडू सरळ तिथे येतो, म्हणून तिला ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात. ताशी १०० मैलांनी निघालेला चेंडू ९० फुटांवर पोचायला साधारण ०.६ सेकंद लागतो. तेवढ्यात तो अडवायचा, आणि मग तिथून फर्स्ट बेसपर्यंत, म्हणजे चौकोनाच्या कर्णावर, १२७ फूट फेकायचा. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर शॉर्ट लेगची छाती आणि बाउंड्रीवरून थेट स्टंपवर मारणारा खांदा एकाच माणसाकडे हवा. पण ज्याच्याकडे याहून जास्त चपळाई असते त्याला प्रशिक्षक लहानपणीच शॉर्टस्टॉपला नेतात, आणि ज्याची बॅट जड पण पाय मंद त्याला आज ना उद्या फर्स्ट बेसला. जिम थोम थर्ड बेसमन म्हणून आला आणि ६१२ होमरनचा फर्स्ट बेसमन आणि डीएच होऊन गेला. हार्मन किलब्रू, डिक अ‍ॅलन, मिगेल कब्रेरा, पॉल मॉलिटर, सगळ्यांनी थर्ड बेसवर वर्षं काढली, पण मोजायची वेळ आली की निम्मे दुसऱ्याच रकान्यात सापडतात. ही जागा महान खेळाडू घडवत नव्हती असं नाही. घडवून दुसरीकडे धाडत होती.

शिवाय जागेचं कामच मध्ये बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेंडू मऊ, होमरन विरळा, आणि बंट, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकायचा प्रकार, रोजचा. तो बंट धावत येऊन उघड्या हातानं उचलून फेकणं हे थर्ड बेसमनचं मुख्य काम. त्या काळातल्या फ्रँक बेकरला ‘होमरन बेकर’ म्हणत. १९११ ते १९१४ अशी सलग चार वर्षं अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगचा एक भाग, दुसरा नॅशनल लीग) त्याचे होमरन सर्वाधिक होते, आणि कारकिर्दीतले सगळे मिळून ९६. पुढे बंट कमी झाले, डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं, वाढले, आणि सेकंड बेसचं क्षेत्ररक्षण थर्ड बेसपेक्षा कठीण मानलं जाऊ लागलं. मतदार मात्र दोन्ही काळांच्या अपेक्षा एकत्र धरून बसले होते: हात शॉर्टस्टॉपचे हवेत आणि होमरन फर्स्ट बेसमनचे. रॉन सँटोकडे ३४२ होमरन आणि पाच गोल्ड ग्लव्ह होते, तेही आयुष्यभर मधुमेहाशी झगडून. १९८० मध्ये पहिल्याच मतदानात त्याला ४ टक्केसुद्धा मिळाले नाहीत. तो २०१० च्या डिसेंबरमध्ये गेला आणि वर्षभरानं समितीनं त्याला निवडलं.

पण हे सगळं जुनं झालं. १९९५ नंतर श्मिट, जॉर्ज ब्रेट, वेड बॉग्ज, चिपर जोन्स, स्कॉट रोलन, एड्रियन बेल्ट्रे अशी रांगच लागली. रोलनला २०१८ मध्ये १०.२ टक्के मतं होती, २०२३ मध्ये ७६.३. पाच वर्षांत त्यानं एकही चेंडू अडवला नव्हता. बदलली ती मोजणाऱ्यांची नजर. बेसबॉल-रेफरन्स या दुसऱ्या संकेतस्थळाच्या आकड्यांनुसार श्मिटचं वॉर १०६ च्या वर, मॅथ्यूज ९६, बेल्ट्रे ९३, बॉग्ज ९१, ब्रेट ८८, जोन्स ८५, रॉबिन्सन ७८, सँटो आणि रोलन दोघंही ७०. दहावा ग्रेग नेटल्स, ६८ च्या आसपास, आणि तो अजून हॉलच्या बाहेर आहे. ६० च्या वरचे थर्ड बेसमन मोजले तर डझनभर सहज भरतात. याला दुष्काळ म्हणत नाहीत.

आता हीच फूटपट्टी कॅचरला लावा. जॉनी बेंच ७५, गॅरी कार्टर ७०, इव्हान रॉड्रिगेझ ६८, कार्लटन फिस्क ६८. संपलं. साठी ओलांडणारे एवढे चारच. माइक पियाझा आणि योगी बेरा ५९ वर अडकतात. फॅनग्राफ्सच्या हिशेबात ते दोघं पुढे सरकतात, तरी संख्या सहा. दहाव्या क्रमांकाच्या आसपास टेड सिमन्स आणि मिकी कॉक्रन, पन्नाशीच्या काठावर. म्हणजे थर्ड बेसचा दहावा माणूस कॅचरांच्या रांगेत उभा केला, तर तो चौथ्याच्या खांद्याला खांदा लावतो. आणि हे जादा धावांची सूट दिल्यानंतरचं.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका सामन्यात एका संघाचे पिचर, म्हणजे गोलंदाज, साधारण १४५ चेंडू टाकतात. त्यातल्या प्रत्येकाला कॅचर उकिडवा बसतो आणि बऱ्याचदा लगेच उठतो. वर्षाला १३० सामने धरले तर जवळजवळ १९,००० बैठका झाल्या, सरावाच्या वेगळ्या. क्रिकेटचा विकेटकीपरही दिवसभर बसतो-उठतो, पण वेगवान गोलंदाजाला तो बरीच पावलं मागे उभा असतो. कॅचर बॅटच्या टप्प्याच्या जेमतेम बाहेर. ताशी ९५ मैलांचा चेंडू बॅटला ओझरता लागून दिशा बदलतो, तेव्हा हात हलवायला वेळच नसतो. तो मास्कवर आदळतो, गळ्याशी लागतो, नाहीतर अंगठ्यावर. कॅचरच्या मिटचा, म्हणजे जाड हातमोज्याचा, घेर नियमानं ३८ इंचांपर्यंत असू शकतो आणि त्यात तळव्याला जाड भरण असते. पण अंगठा मागे वाकला तर त्या भरणीचा उपयोग नाही, म्हणून पुष्कळ जण आत प्लॅस्टिकचं कवच घालतात.

उघड्या हाताची गोष्ट त्याहून वाईट होती. पूर्वी कॅचर दोन्ही हातांनी चेंडू घ्यायचे. उजवा हात मिटच्या शेजारी उघडा. जुन्या कॅचरांची बोटं बघितली तर आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी. १९६० च्या दशकात बिजागरीसारखा मिटणारा मिट आला. आधी रँडी हंडली आणि मग बेंच एका हातानं चेंडू घेऊ लागले, उजवा हात पाठीमागे लपवून. बोटं वाचली. गुडघे मात्र तसेच राहिले. बेंच सलग १३ हंगाम शंभरहून जास्त सामन्यांत मिट घालून बसला, एकूण १,७४२ सामने, आणि शेवटची तीन वर्षं संघानं त्याला फर्स्ट आणि थर्ड बेसवर उभं केलं. पस्तिसाव्या वर्षी निवृत्त. त्याच वयात बेल्ट्रेकडे आणखी चार हंगाम उरले होते.

वॉर हा साठत जाणारा आकडा आहे, आणि कॅचरचं नुकसान होतं ते साठवणुकीत. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असला की मुख्य कॅचरला बसवतात. म्हणजे वर्षाला २५-३० सामने सुरुवातीलाच गेले. जे खेळतो त्यातही जुलै-ऑगस्टच्या उन्हात मांड्या जड होतात आणि फटक्यातला जोर ओसरतो. मग तिशीनंतरची घसरण लवकर. इव्हान रॉड्रिगेझ २,४२७ सामने कॅचर म्हणून खेळला. तो विक्रम आहे, आणि अपवादही.

यात भर म्हणजे शहाणे संघ चांगली बॅट कॅचरच्या जागेवर ठेवतच नाहीत. क्रेग बिजिओ १९९१ मध्ये कॅचर म्हणून ऑल-स्टार होता. पुढच्या वर्षी ह्यूस्टननं त्याला सेकंड बेसला नेलं आणि तो ३,०६० हिट करून गेला. डेल मर्फी कॅचर म्हणून आला, सेंटर फील्डमध्ये दोनदा एमव्हीपी झाला. ब्राइस हार्पर शाळेत कॅचर होता. आणि ज्याला हलवलं नाही त्याचं काय होतं, ते जो मॉअरकडे बघून कळतं. तीन वेळा बॅटिंगचा किताब, दहा वर्षांची सरासरी .३२३. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मास्कवर बसलेल्या चेंडूंनी मेंदूला धक्का बसला आणि कॅचिंग कायमचं सुटलं. फर्स्ट बेसवर सरासरी .२७८. २०२४ मध्ये तो पहिल्याच मतदानात आत गेला, पण ७६.१ टक्क्यांवर, म्हणजे काठावरून. रॉय कॅम्पनेलाला १९५१, १९५३ आणि १९५५ असे तीन एमव्हीपी मिळाले होते. १९५८ च्या जानेवारीत गाडीच्या अपघातानं त्याची कारकीर्दच संपली.

माणसं येतात तो झराही अरुंद आहे. डावखुरा फेकणारा कॅचर मेजर लीगमध्ये जवळजवळ नसतोच. शेवटचा बेनी डिस्टेफानो, १९८९ मध्ये, तोही तीन सामन्यांपुरता. उजव्या हाताचे फलंदाज जास्त, ते डावऱ्या कॅचरच्या हाताच्या बाजूलाच उभे, आणि थर्ड बेसला फेकायचं तर सगळं अंग वळवायचं. दुसऱ्या बेसवर चोरी करणाऱ्याला, म्हणजे फटका नसतानाच तिकडे पळणाऱ्याला, बाद करायला चेंडू मिटमध्ये आल्यापासून १२७ फुटांवरच्या हातात पोचेपर्यंत चांगल्या कॅचरला दोन सेकंदांच्या आतबाहेर लागतात. तिथे वळायला सवड कुठली? थर्ड बेसवरही डावखुरे चालत नाहीत, पण तिथे निदान गुडघे शाबूत राहतात.

कॅचरच्या बाजूनं एक हरकत घेता येते, आणि ती रास्त आहे. कॅचरचं निम्मं काम आकड्यांत येतच नव्हतं. योग्य चेंडूच्या चौकटीच्या काठावरचा चेंडू असा अलगद घ्यायचा की अंपायर त्याला स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाविरुद्धचा चेंडू, म्हणेल, याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात. २००८ पासून कॅमेऱ्यांच्या नोंदींमुळे ते मोजता येतं. २०१९ मध्ये फॅनग्राफ्सनं ते वॉरमध्ये घेतलं. बेसबॉल-रेफरन्सनं घेतलेलं नाही. म्हणून यादिएर मोलिना एका ठिकाणी चाळिशीच्या थोडा वर, दुसरीकडे पंचावन्नच्या आसपास. बेंच आणि बेरा फ्रेमिंगमध्ये कसे होते, ते कुठल्याच आकड्यात नाही. तरीही एवढ्यानं चित्र उलटत नाही. पंधरा विजय वाढवून दिले तरी मोलिना बॉग्जच्या जवळपास फिरकत नाही.

जोश गिब्सनला या हिशेबात बसवणं सगळ्यांत अवघड. कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारं बंद होती तेव्हाच्या त्यांच्या निग्रो लीगचे हंगाम छोटे, त्यामुळे बेरजेचा कुठलाही आकडा त्याच्यावर अन्यायच करतो. २०२४ मध्ये मेजर लीगनं त्या नोंदी अधिकृत धरल्या आणि .३७२ सरासरीनं तो सार्वकालिक यादीत टाय कॉबच्या वर गेला. जॅकी रॉबिन्सन ती बंदी मोडून १९४७ च्या एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये उतरला. गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत गेला, पस्तिसाव्या वर्षी. त्याला आणि बेंचला वर ठेवलं की कॅचरांच्या यादीचा माथा कोणत्याही जागेच्या बरोबरीचा आहे. उतार मात्र लगेच सुरू होतो.

काही जण म्हणतील, रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्ये किंवा शेवटी येणारे पिचर, विसरलात. २०२५ पर्यंत हॉलमध्ये ऐंशीहून जास्त पिचर, त्यात रिलीव्हर जेमतेम नऊ, तेही डेनिस एकर्सलीला धरून. बरोबर आहे, पण रिलीव्हर ही जागा नाही, सोय आहे. बहुतेक जण सुरुवातीपासून टाकायला जमलं नाही म्हणून शेवटी आलेले. मारिआनो रिव्हेराला १९९५ मध्ये दहा सामन्यांत सुरुवातीला टाकायला दिलं होतं. त्या वर्षी त्याचा इआरए, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावा, ५.५१. पुढे ६५२ सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने, आणि २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतं. पण कारकिर्दीतले डाव १,२८३ आणि वर थोडे. सुरुवातीपासून टाकणाऱ्या ग्रेग मॅडक्सचे ५,००८. चौथाई काम करणाऱ्याला त्याच तागडीत कसं तोलायचं? रिव्हेरा सोडला तर उरलेल्यांवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

डीएचचा प्रश्न वयाचा आहे. ही जागाच १९७३ ची, नॅशनल लीगमध्ये कायमची आली २०२२ मध्ये. एडगर मार्टिनेझला शेवटच्या, दहाव्या वर्षापर्यंत ताटकळावं लागलं. २०२४ मध्ये शोहेइ ओतानी नुसता डीएच म्हणून खेळून एमव्हीपी झाला. अजून पन्नास वर्षांनी हा रकाना भरलेला असेल.

कॅचरचा भरेल का, याची परीक्षा आत्ता सिअ‍ॅटलमध्ये चालू आहे. कॅल रॅलीनं २०२५ मध्ये ६० होमरन मारले. मुख्यतः कॅचर असलेल्या खेळाडूचा आधीचा विक्रम साल्वादोर पेरेझचा होता, ४८. एमव्हीपीची पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३ अशी पडली आणि किताब अ‍ॅरन जजला गेला. संघानं रॅलीला सुमारे ४० सामन्यांत डीएच म्हणून उतरवलं होतं, पाय वाचावेत म्हणून. बेंचच्या नॅशनल लीगमध्ये ही सोयच नव्हती. पण त्या हंगामात रॅली २८ वर्षांचा होता, आणि बेंचनं आपले दोन्ही एमव्हीपी पंचविशीच्या आत उरकले होते. त्यात २०२६ पासून चेंडू स्ट्राइक आहे की नाही, यावर संघांना यंत्राकडे दाद मागता येते, म्हणजे फ्रेमिंगची किंमत थोडी उतरणार. वॉरचा ६० चा आकडा गाठायचा तर रॅलीला पस्तिशीपर्यंत मिट घालून बसावं लागेल.